न उमटलेली नऊ वर्षं

विरामिना गावात त्या काळी टेलिफोन होते चौसष्ट, आणि चौसष्टच्या चौसष्ट नंबर वॅल्मे नॉस्कीला तोंडपाठ होते. नंबर सोडाच, पलीकडच्या माणसाने नुसता घसा खाकरला तरी तिला कळायचं, हा कोण आणि याला कोण हवंय. पोस्टाच्या पुढच्या खोलीत एकोणिसाव्या वर्षी ती एक्स्चेंजच्या, वायरी खोचून कॉल जोडायच्या फळ्यासमोर बसली, ती त्र्याऐंशी साली तो फळा उचलून नेईपर्यंत तिथेच होती. लोक तिला काहीही विचारत. "वॅल, मागच्या महिन्यात मेंढ्यांच्या औषधाचं मला कोण सांगत होतं गं?" ती सांगायची. पण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर तिच्याकडून कधी गेलं नाही.

अडुसष्टच्या जानेवारीत, उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला असताना कापणी झालेल्या गव्हाच्या धसकटांना आग लागली. वॅल्मेने यादी उघडलीसुद्धा नाही. एकामागून एक वायरी खोचत अर्ध्या तासात तिने एकूण एक घराला खबर दिली. त्या धांदलीतही डोकं असं लख्ख चालत होतं की सत्तरी उलटल्यावरही तो अर्धा तास ती जसाच्या तसा सांगायची: कुणी पहिल्या घंटीला उचलला, कुणाकडे रेडिओ चालू होता, कुणाचं बाळ मागे रडत होतं.

तिचा नवरा क्लेम रेल्वेमार्गालगतच्या गव्हाच्या कोठारांवर वजनकाट्याला होता. त्यांचं लग्नही टेलिफोननेच जुळवलेलं. तो काट्यावरून फोन लावायचा. ती विचारायची, "नंबर?"

"नंबर नकोय. तूच बोल."

"कामाच्या वेळेत थट्टा नको, क्लेम."

"बरं, मग कामाची वेळ संपते कधी तेवढं सांग."

चौसष्ट साली लग्न झालं, सदुसष्टला हेदर झाली. चाळीस वर्षं संसार झाला, आणि तो कसा झाला असं कुणी विचारलं तर वॅल्मे म्हणायची, "खळखळून." क्लेम विनोदी माणूस. काट्यावर गव्हाचा ट्रक आला की जाड्या शेतकऱ्याला खाली उतरवायचा. "उतर बाबा, नाहीतर तुलाही दळायला पाठवतील."

दोन हजार चार साली त्याने पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं की घरात एक बाई शिरलीय आणि ती माझे बूट चोरते.

शेजारीण म्हणजे रोमा ग्लायस. विधवा, तोंडाने तिखट, पण मनात काही न ठेवणारी. तिने कुंपणावरून विचारलं, "कुठली बाई रे?"

"ती काय, आत कपडे वाळत घालतेय ती," क्लेम हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. तिथून पुढची नऊ वर्षं वॅल्मेने एकटीने काढली. क्लेम रात्री-अपरात्री, भलत्यासलत्या वेळी, कामाला जायचं म्हणून घराबाहेर पडे आणि रुळांवरून कोठारांच्या दिशेने चालू लागे. तिने दोन्ही दारांना गुरांच्या गळ्यातल्या घंटा बांधल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायची, बूट पलंगाशी. त्याला अंघोळ घालताना एकदा त्याने तिला ढकललं आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरला तिने सांगितलं, पायरीवरून पडले.

हेदर ॲडलेडला राहायची, गाडीने सात तासांवर. दर फोनला तिचं एकच पालुपद. "आई, त्यांच्यासाठी चांगली जागा बघू या. तुझी तब्येत बघ."

"चाळीस वर्षं माझ्या घरात झोपलाय तो. आता कुठे परक्या छताखाली पाठवू?"

"तू झोपतेस का पण?"

"झोपते की," वॅल्मे म्हणायची आणि फोन ठेवायची.

गुरुवारी दुपारी रोमा दोन तास क्लेमपाशी बसायला यायची. "जा, पड जरा. मी आहे ना," ती म्हणायची. वॅल्मे पलंगावर आडवी व्हायची, छताकडे डोळे लावायची आणि घंटा वाजायची वाट बघायची. घंटा वाजली नाही तर का वाजली नाही म्हणून उठून यायची.

"अगं बये, मी काय त्याला खाऊन टाकणारेय?" रोमा वैतागायची.

दोन हजार तेराच्या एप्रिलमध्ये क्लेमच्या छातीत कफ भरला आणि तालुक्याच्या इस्पितळात तीन दिवसांत तो गेला. दुपारची वेळ होती. वॅल्मे उशाशी होती, रोमा खिडकीजवळ. हेदरची गाडी अजून वाटेत होती.

आता बाई झोपेल, खाईल-पिईल, माणसात येईल, असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. घंटा सोडून ठेवल्या तरी तिला झोप लागेना. जून महिन्यात चर्चच्या चहाला केक आणायची पाळी तिची होती, ती आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, मला कुणी सांगितलंच नाही. यादीत तिच्याच अक्षरात तिचं नाव होतं. किटली दोनदा जळली. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या बाईला तिने त्या बाईच्याच मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मग एका सकाळी औषधं आणायला गाडी काढली आणि गावाबाहेरच्या तिठ्यावर, जिथून ती हजार वेळा गेली असेल, तिथे उभी राहिली. डावीकडे की उजवीकडे, ते आठवेना. गावाकडे निघालेला मेंढ्यांचा ट्रक आला, त्याच्यामागे गुपचूप गाडी लावून ती परत आली.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. नऊ वर्षं तिने हे सगळं जवळून बघितलं होतं. आधी किटली, मग रस्ते, मग घरातली बाई परकी. पुढचं पान कुठलं, ते तिला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये हेदर आठवडाभर राहायला आली. बापाच्या वस्तू आवरायच्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने फोटोंचा खोका उघडला. "हा बघ ना आई, बाबांचा पंचाहत्तरावा!"

फोटोत गावचा हॉल होता. पताका होत्या. क्लेमच्या डोक्यावर कागदाची टोपी, पुढ्यात वजनकाट्याच्या आकाराचा केक, आणि शेजारी वॅल्मे. मान मागे टाकून हसत होती, डोळ्यांत पाणी येईतो.

"काय म्हणाले होते गं बाबा तेव्हा? सगळा हॉल हसला होता," हेदर म्हणाली.

वॅल्मे फोटोकडे बघत राहिली. हॉल तिच्या ओळखीचा होता. फोटोतला निळा झगा तिच्या कपाटात होता. पण ती दुपार तिच्यापाशी नव्हतीच. पुसट नव्हे, धूसर नव्हे, नव्हतीच.

"असंच काहीतरी. तुला माहितीये ना ते," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

हेदर गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि त्या नऊ वर्षांत हात घालून काय सापडतं ते बघू लागली. मोडलेलं मनगट सापडलं. रुळांवरचा क्लेमचा पाठमोरा कोट सापडला. घंटेचा आवाज तर किती वेळा. सगळ्या भीतीच्या वस्तू. साधी सकाळ एक सापडेना. तो काय खायचा, कशाला हसायचा, तिला ओळखायचा की नाही, काही नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की इस्पितळातली शेवटची दुपारही तिला नीट दिसत नाहीये. पांघरुणाचा रंग दिसत होता. श्वासाची घरघर ऐकू येत होती. बाकी काही नाही.

ती तशीच कुंपणापलीकडे गेली. रोमा कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"रोमा, क्लेम गेला तेव्हा मी तिथे होते ना?"

रोमाने भांडं खाली ठेवलं. "हे काय विचारणं झालं? हात हातात घेऊन बसली होतीस."

"तो काही बोलला का?"

"बोलला की. दोन दिवस नुसता घरघरत होता, आणि मग एकदम डोळे उघडले. स्वच्छ. तुझं नाव घेतलं. वॅल म्हणाला, ते मी खिडकीतून ऐकलं. मग तू कान त्याच्या तोंडाशी नेलास आणि तो तुला काहीतरी सांगत राहिला. बराच वेळ."

"काय सांगितलं?"

"मला काय ठाऊक? गाडीत मी विचारलं तुला. तू रडत होतीस आणि हसतही होतीस. म्हणालीस, 'हे माझं आहे रोमा, हे मी कुणाला देणार नाही.'" रोमा बोलता बोलता थांबली. वॅल्मेचा चेहरा तिने आत्ता पाहिला. "वॅल? अगं वॅल, तुला आठवत नाहीये का ते?"

वॅल्मेने कुंपणाची तार धरली. कोंबड्या पायांत दाणे टिपत होत्या.

"नाही," ती म्हणाली.

रोमानेच मग हेदरला फोन केला, आणि हेदरने ॲडलेडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास चालू होता तिथे आईचं नाव घातलं. नवऱ्याची किंवा बायकोची वर्षानुवर्षं सेवा केलेली माणसं त्यांना हवी होती. वॅल्मेला छोट्या नळ्यांची पेटी मिळाली. प्रत्येक नळीत कापसाची गुंडाळी. उठल्या उठल्या एक चघळून थुंकीसकट नळीत परत टाकायची, अर्ध्या तासाने दुसरी, मग दुपारी, संध्याकाळी, निजताना. तीन दिवस.

"साठ वर्षं मी लोकांना थुंकू नका म्हणून सांगितलं," रोमा म्हणाली, "आणि आता तुझी थुंकी विमानाने शहरात चाललीय. मोठी झालीस गं."

वॅल्मे हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

ॲडलेडला तिच्या मेंदूची छायाचित्रं काढली. शब्दांच्या याद्या वाचून दाखवल्या आणि परत विचारल्या. शेवटी इलेनी नावाची पस्तिशीतली डॉक्टर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. टेबलाच्या त्या बाजूला नाही, या बाजूला. वॅल्मेला ते आवडलं.

"तुमच्या नवऱ्याला होता तो आजार तुम्हाला आहे, असं आज तरी मला काही दिसत नाही," इलेनी म्हणाली.

हेदरने आईचा हात दाबला.

"तुम्ही मला त्या आगीचं सांगितलंत ना? तो अर्धा तास तुम्हाला अजून आठवतो. धोका दिसला की शरीर एक हार्मोन सोडतं, कॉर्टिसोल म्हणतात त्याला. थोड्या वेळासाठी आलं तर ते डोकं लख्ख करतं. एरवी ते सकाळी चढतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. तुमच्या नळ्यांमध्ये ते संध्याकाळीही उतरलेलं नाही. धोका संपून कित्येक महिने झाले, पण तुमच्या शरीराला ते कुणी कळवलेलंच नाही."

"मी अजून घंटेची वाट बघते," वॅल्मे म्हणाली.

"हो, तसंच. मेंदूत खोलवर करंगळीएवढा एक भाग असतो. नव्या आठवणी आधी तिथे पक्क्या होतात. हे हार्मोन वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की त्या भागाची झीज होते. तरुण मेंदू सावरतो. म्हाताऱ्याला सावरायला वेळ लागतो, आणि पुरता सावरेलच असं नाही. तुमचा तो भाग वयाच्या मानाने लहान आहे. कारण हेच आणि एवढंच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण झोप सुधारली, चालणंफिरणं वाढलं, माणसांत राहिलात, तर पुढचं लक्षात ठेवणं बरंच सुधारू शकेल."

"पुढचं," वॅल्मे म्हणाली. "आणि मागचं? पोरी, ते आत कुठे अडकून बसलंय का? मला एकच गोष्ट हवी आहे. एकाच दुपारची."

इलेनीने खुर्ची आणखी जवळ ओढली. "काही अडकलेलं असतं, ते वर येतं कधी कधी. पण पुष्कळसं मुळात नीट उमटलेलंच नसतं. एखाद दिवस टिकतं आणि जातं."

वॅल्मेने मान हलवली. एक्स्चेंजच्या फळ्यावर नंबराची झडप पडायची, कुणीतरी बोलायला आलेलं असायचं, आणि वायर खोचायला हातच मोकळा नसायचा. असे कॉल तिने पाहिले होते. थोड्या वेळाने पलीकडचा माणूस फोन ठेवून देई. कुणाचा होता ते कधीच कळत नसे.

घरी आल्यावर तिने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. सकाळी रोमाबरोबर कोठारांपर्यंत चालायला जायची. घंटा तिने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या. झोप आधी तीन तास, मग पाच. आणि त्याच्या जोडीला तिने आपल्या मनाने आणखी एक सुरू केलं. गावात घरोघर जाऊन ती विचारू लागली: त्या वर्षांतलं क्लेमचं काही आठवतं का तुम्हाला? जे आठवत असेल ते सांगा.

लोक आधी संकोचले, मग सांगू लागले. दुकानातल्या बाईने सांगितलं, क्लेम रोज पावाचं वजन हातात जोखून बघायचा आणि बरोबर सांगायचा. टपाल आणणाऱ्याने सांगितलं, तो कुंपणाशी उभा राहून मला सलाम ठोकायचा. पंचाहत्तराव्या वाढदिवसाला काय म्हणाला तेही कळलं. केक कापताना वॅल्मेकडे बोट दाखवून म्हणाला होता, "या बाई छान आहेत, यांचं लग्न झालंय का?" वॅल्मे हे ऐकून हसली आणि घरी येईपर्यंत रडली.

निवृत्त हवालदार डग कुनोथकडे ती गेली तेव्हा तो बराच वेळ बूट साफ करत राहिला.

"सांग ना," ती म्हणाली.

"सगळंच ऐकायचंय का, वॅल?"

"सगळं."

"एकदा रुळांवर गाठ पडली तुमची. तू त्याला कोटाला धरून फरफटत आणत होतीस. मर एकदाचा, मर, असं ओरडत होतीस. तो रडत होता लहान मुलासारखा. मी दोघांना गाडीत घातलं. मग मागे वळून बघितलं तर तू खाली वाकून आपल्या स्कार्फने त्याचे पाय पुसत होतीस."

वॅल्मेने ते शांतपणे ऐकलं. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. फाटकापाशी पोचल्यावर मात्र तिला खिट्टी उघडेना. डगने येऊन उघडून दिली.

पुढच्या एप्रिलमध्ये कबरीवर दगड बसवायला हेदर आली. दोघी उभ्या होत्या, वाऱ्याने हेदरचे केस तोंडावर येत होते. ती म्हणाली, "आई, बाबा शेवटी तुझ्याशी बोलले, असं रोमा म्हणते. काय बोलले?"

खोटं सांगता आलं असतं. रोमाने तर आधीच सुचवलं होतं: "माणूस अशा वेळी काय म्हणणार? सुखी होतो म्हणाला असेल. सांगून टाक पोरीला." चाळीस वर्षांचा नवरा वॅल्मेला ठाऊक होता. त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य तिला सहज जमलं असतं.

"माझ्यापाशी नाहीये ते," ती म्हणाली. "होतं. गेलं."

हेदरचा चेहरा बदलला. "मी त्याच संध्याकाळी विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, नंतर सांगेन. तेव्हाच का नाही सांगितलंस? मला तरी सांगायचंस! माझेही वडील होते ते."

"असं म्हणाले होते मी?"

"हो, आई."

वॅल्मेला तेही आठवत नव्हतं. वाऱ्यात उभी राहून ती लेकीकडे बघत राहिली, आणि हेदर रागाने रडत रडत शेवटी तिच्याच गळ्यात पडली.

त्यानंतर वॅल्मे बरीच सुधारली, हे खरं. दुसऱ्या खेपेला नळ्या गेल्या तेव्हा संध्याकाळचा आकडा उतरला होता. चर्चच्या पाळ्या पुन्हा तिच्या लक्षात राहू लागल्या, तिठ्यावर गाडी अडेनाशी झाली. नऊ वर्षं मात्र परत आली नाहीत. लोकांनी सांगितलेलं तिला पाठ होतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट पाठ असावी तसं.

दोन वर्षांनी गावातल्या मर्व ट्रेगरला तोच आजार झाला. त्याची बायको ग्लेनिस साठीची, पाहता पाहता वाळून गेली. वॅल्मे दर मंगळवारी तिच्याकडे जाऊ लागली. "आत जाऊन झोप," ती सांगायची. "हे मी विनंती म्हणून म्हणत नाहीये." ग्लेनिस जायची, आणि खरोखर झोपायचीही, दोन-दोन तास, घोरत. आपल्याला जे कधी जमलं नाही ते या बाईला जमतंय, याचं वॅल्मेला फार बरं वाटायचं.

ग्लेनिस उठली की मर्वने काय केलं, काय बोलला, ते वॅल्मे तिला सांगायची. "ऐकून ठेव. मुलीलाही सांग. चार ठिकाणी असू दे."

"त्राण नाही गं मला," ग्लेनिस म्हणायची.

एका मंगळवारी ती डोळे चोळत बाहेर आली तेव्हा वॅल्मेला अगदी राहवलं नाही. "आज त्याने तुला हाक मारली. ग्लेन म्हणाला, स्वच्छ. मग म्हणाला, ग्लेन, पाऊस पडेल असं वाटतंय."

ग्लेनिस दारातच थांबली. कित्येक महिन्यांत मर्वने तिचं नाव घेतलं नव्हतं.

"मला हाक मारली? आणि मी झोपले होते?"

"मी ऐकलं ना. म्हणून तर तुला—"

"उठवायचंस ना गं मला," ग्लेनिस म्हणाली, आणि दाराला टेकून रडू लागली. "उठवायचंस ना."

मर्व खिडकीबाहेर बघत होता.

पुढच्या मंगळवारी ती गेली तेव्हा ग्लेनिसने मर्वच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची लावली होती. वॅल्मेने किती सांगितलं तरी ती आत झोपायला गेली नाही. डोळे मिटत होते, मान लवंडली की ती दचकून पुन्हा ताठ बसत होती. वॅल्मे दुसऱ्या बाजूला बसून राहिली. मर्व त्या दिवशी काहीच बोलला नाही.